पलंग देणे आहे

काशीला नोकरीसाठी गेलो तेव्हा मला माझ्या मराठीचा भलताच तोरा होता. मी वाईकडचा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, संकठा घाट या पट्ट्यातल्या गल्ल्यांत राहणारी मराठी माणसं तीन-तीन, चार-चार पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. महाराष्ट्राला ती ‘देश’ म्हणत आणि त्यातल्या निम्म्यांनी तो पाहिलेलाही नसे. त्यांच्या घरांत ‘दूध गिरलं’, ‘चादर बिछव’, ‘जल्दी ये’ असली मराठी चाले आणि मी गालातल्या गालात हसत असे. माझ्या शाळेतल्या मास्तरांनी पहिल्याच भेटीत माझा तोरा उतरवला. मी सांगितलं, की कालच आलो, स्टेशनवरून टांगा केला तो थेट इथवर. ते म्हणाले, या गल्लीत टांगा येत नाही. मी म्हटलं, म्हणजे चौकापर्यंत. “मग चौकापर्यंत टांग्याने आलात आणि इथवर पायी आलात,” ते म्हणाले. “तसं सांगावं.”

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं आणि छापणाऱ्याने ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, तर जिथे असतील तिथून ते मला बोल लावतील. वैदिकांच्या आणि पुराणिकांच्या मुलांसाठी चालवलेली आमची एक छोटी मराठी शाळा होती. तिथे ते मराठी आणि गणित शिकवत, मी भूगोल आणि उरलेलं सगळं. ते साठीचे, मी पंचविशीचा. अंगाने किरकोळ, मान जरा पुढे काढलेली, समोरचा बोलू लागला की डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. चूक कुठून बाहेर पडते ते पाहत असावेत, असं मला नेहमी वाटे.

घरात दाराआड एक पाटी टांगलेली होती. आल्यागेल्याच्या तोंडून हिंदी शब्द आला की मास्तर तो पाटीवर लिहीत. पाहुणा निघाला की त्याने प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द सांगायचा, आपल्या हाताने तो पुसायचा आणि मगच चपला पायात घालायच्या. एकदा एक भिक्षुक ‘बर्फी’ला मराठी शब्द शोधत दिवेलागणीपर्यंत बसून राहिला होता. शेवटी काकूंनी त्याला मागच्या जिन्याने वाटेला लावलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. त्या जन्माने काशीच्याच आणि त्यांची मराठी निम्मी हिंदी. मास्तर म्हणत, हिच्यासाठी पाटी पुरणार नाही, भिंत लागेल. काकू म्हणत, मग भिंतीची पुताई करून घ्या, मी चुना आणते. ‘पुताई’ लगेच पाटीवर चढे.

दूधवाल्या अहिराशीही मास्तर मराठीतच बोलत. वीस वर्षांत तो इतकी मराठी शिकला, की दुधात पाणी का आहे याची कारणं तो अस्सल मराठीत देई. त्याची मराठी माझ्यापेक्षा बरी आहे, असं मास्तर शाळेत सर्वांदेखत म्हणाले होते. मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि खोटं ते बोलत नसत. सरकारी इन्स्पेक्टर साहेब एकदा शाळा तपासायला आला. त्याने विचारलं, नकाशा आहे का? हेडमास्तर म्हणाले, आहे. साहेब खूश होऊन पुढे निघाला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, आहे, पण तो भिंतीचं भगदाड झाकायला लावला आहे. साहेबाने नकाशा वर करून पलीकडच्या गल्लीतली गाय पाहिली. त्या वर्षी आमची मदत थांबली आणि हेडमास्तरांनी मास्तरांना चार शब्द सुनावले. मास्तरांनी ते चारही शब्द ऐकून घेतले आणि एक दुरुस्त केला.

मी नवा होतो तेव्हा त्यांना विचारलं होतं, की मुलंबाळं किती? ते म्हणाले, “एक मुलगा. तो गेला.” मी चरकलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “रंगूनला.” मी सुटकेचा श्वास सोडला. पुढे कितीतरी वेळा, कितीतरी लोकांसमोर हे मी ऐकलं. मास्तर म्हणत, मुलगा गेला. काकू आतून पुरवत, रंगूनला. एकाच वाक्याचे दोन तुकडे दोघांनी वाटून घेतल्यासारखे झाले होते. मुलगा कलकत्त्याहून आगबोटीने गेला होता आणि तिथे लाकडाच्या वखारीत कारकून होता. बऱ्याच वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. काकूंना लिहितावाचता येत नव्हतं. पत्रं यायची ती शाळेच्या पत्त्यावर, मास्तरांच्या नावाने. मास्तर संध्याकाळी घरी आले की काकू विचारत, आलं का काही? मास्तर म्हणत, आज नाही. काकूंनी आपल्यापुरतं कारण शोधून ठेवलं होतं. समुद्र ओलांडला म्हणून आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागेल, डोकं भादरावं लागेल, म्हणून लाजतो आहे. त्याचे केस फार सुंदर आहेत, असं त्या मला सांगत.

मधल्या खोलीत त्याचा पलंग होता. शिसवी लाकडाचा, उशाकडे आणि पायथ्याकडे उंच फळ्या, पोरगा ताडमाड वाढला म्हणून मुद्दाम लांब करवून घेतलेला. त्यावर कायम धुतलेलं पांघरूण. कोणी त्यावर बसत नसे. मला एकदा सणकून ताप भरला तेव्हा काकूंनी आठवडाभर मला घरी ठेवून घेतलं, पेज भरवली, पण अंथरूण घातलं ते त्या पलंगाशेजारी जमिनीवर. माणूस मरायला टेकला तरी यांचा पलंग मोकळाच, असं मनात येऊन मला तेव्हा थोडं लागलं होतं.

घर एका देवस्थानाच्या मालकीचं होतं. त्यांना तिथे यात्रेकरूंसाठी खोल्या काढायच्या होत्या, म्हणून मास्तरांना महिन्याची मुदत मिळाली. मुन्शी घाटावर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी शोधून दिल्या. खोल्या कसल्या, दोन कोनाडे. जिना असा, की ओचा आवरून आणि खांदे तिरके करून चढावं. जुन्या घरातलं सामान तिथे मावणं शक्यच नव्हतं. मास्तरांनी ठरवलं, की जे नको ते देऊन टाकायचं. त्यांनी दाराआडची पाटी काढली, स्वच्छ धुतली, तिच्यावर ‘सामान देणे आहे’ असं वळणदार अक्षरात लिहिलं, खाली वस्तूंची नावं लिहिली आणि पाटी गल्लीत टांगली. मला ते फार कोरडं वाटलं होतं.

देण्यातही माणूस सरळ नव्हता. वस्तूचं मराठी नाव नीट सांगेल त्यालाच ती मिळणार. समोरच्या घरातल्या सूनबाई ‘अलमारी’ मागायला आल्या, त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. त्या जिन्यावर उभ्या राहून दहा वेळा ‘फडताळ, फडताळ’ असं घोकून वर आल्या, तेव्हा मास्तरांनी प्रसन्न होऊन फडताळ दिलं. मग कळलं, की ते दारातून बाहेर निघत नाही. कुणा सुताराने पूर्वी ते घरातच बसून केलं होतं. दारं काढली, कोपरे तासले, माझं बोट चेंगरलं. साहेबाच्या लिलावातली आरामखुर्ची एकाने ‘इजीचेअर’ म्हणून मागितली. मास्तर त्याला म्हणाले, तुम्हाला हवी ती वस्तू आमच्याकडे नाही. झोपाळा गेला, मांडणी राहिली, चौरंग तिघांनी मागितला. काकू दारात उभ्या राहून पदराने तोंड झाकून हसत होत्या. इतक्या वर्षांचं घर सुटत होतं, तरी त्या चार दिवसांत त्या घरात हसणं होतं, हे मला अजून आठवतं.

पाटीवर पलंग नव्हता. मी नव्या जिन्याचं माप दोरीने घेऊन आलो होतो. पलंग चढणार नव्हता, फळ्या सुट्या होणाऱ्या नव्हत्या. मी मास्तरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, “तो राहू द्या.” पण राहू द्यायचा कुठे? परवा घर सोडायचं होतं. मला वाटलं, लेकाची वस्तू आहे, यांचा जीव अडकला आहे, तोंडाने म्हणवत नाही. अशा वेळी दुसऱ्यानेच पुढाकार घ्यावा. परोपकाराची खाज मला लहानपणापासून आहे.

मास्तर पुस्तकांची पहिली नाव घेऊन मुन्शी घाटाकडे गेले, तेव्हा मी खाली उतरलो. गल्लीच्या तोंडाशी दर्भ, जानवी, पिंडाच्या पत्रावळी विकणारा एक दुकानदार बसे. दुर्गाघाटावरच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडून पुढे जात. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, “मास्टर साहब के लड़के का पलंग दान करना है. गद्दी-तकिया समेत. कोई अच्छा ब्राह्मण बताइए.” आमच्या वाईकडे जुनं धोतर दिलं तरी दान केलं म्हणतात. मास्तरांच्या ‘देणे आहे’पेक्षा ‘दान’ मला भारदस्त वाटलं. दुकानदाराचे हात थांबले. “लड़के का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. “कब?” मी म्हटलं, “कल.” उद्यापर्यंत न्यायला हवा, असं मला म्हणायचं होतं. पण हिंदीत ‘कल’ म्हणजे उद्याही आणि कालही. त्याने कपाळाला हात लावला. बिचाऱ्याला स्वतःला पलंग नेता येत नाही म्हणून वाईट वाटलं असेल, असं समजून मी वर आलो.

तासाभरात तीन बायका आल्या. तिघी मराठी, शेजारपाजारच्या. काही न बोलता त्या दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या. काकू स्वयंपाकघरात पितळी भांडी चिंध्यांत गुंडाळत होत्या. हातात एक तांब्या घेऊन त्या बाहेर आल्या आणि एकीला म्हणाल्या, की बरं झालं आलात, ती मांडणी तुम्हीच उठवून घ्या. ती बाई हुंदका देऊन रडायलाच लागली. दुसरी म्हणाली, कसं झालं हो? काकू म्हणाल्या, काय कसं झालं? तेवढ्यात खालून गल्लीतून एक भरदार आवाज आला, “सेजिया दान केकरे नाम पर हौ?” शय्यादान कुणाच्या नावाने आहे, असं विचारणारा तो माणूस महापात्र होता. मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं दान घेणारा ब्राह्मण. काशीत पलंग फुकट देतात तो त्यालाच आणि त्याच एका कारणाने, हे त्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचरत काय बोललो होतो ते सांगितलं. आणि काकू हसल्या. मोठ्याने हसल्या. “अहो, इकडे पलंगाला दान नाही म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही देशातले, तुम्हाला काय माहीत.” मग त्यांनी त्या बायकांना सगळं समजावलं, रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात फिरवला, खिडकीतून वाकून महापात्राला हिंदीत सांगितलं, की गलती झाली महाराज, इथे कोणी मेलेलं नाही. बायकाही हसू लागल्या. मी लाजेने अर्धमेला होऊन उभा होतो, पण सगळं निभावलं होतं. आणखी पाच मिनिटं गेली असती तर बायका उठून गेल्या असत्या.

मास्तर जिना चढून आले. खाली महापात्राला पाहूनच आले असावेत, कारण दारातच थांबले.

“सांगा यांना,” काकू हसत म्हणाल्या. “आपला मुलगा कुठे आहे?”

मास्तर म्हणाले, “तो गेला.”

“रंगूनला,” काकू सवयीने म्हणाल्या आणि बायकांकडे वळल्या.

मास्तर आत आले. पायातल्या वहाणा काढायचंही त्यांना सुचलं नाही. “रंगूनला गेला होता,” ते म्हणाले. “तिथेच गेला. सहा वर्षं झाली.”

काकूंच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. त्या रडल्या नाहीत. बायका रडायला लागल्या, पण काकू मास्तरांकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “सहा?” मास्तरांनी मान हलवली. तिकडे पितृपक्षातल्या अष्टमीला आया मुलांच्या आयुष्यासाठी उपास धरतात, त्याला जिउतिया म्हणतात. दिवसभर, रात्रभर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. काशीत राहून राहून मराठी बायकांनीही तो उचलला होता.

“सहा जिउतिया धरल्या मी त्याच्यासाठी,” काकू म्हणाल्या. “एकदा घेरी येऊन पडले, तर तुम्ही वारा घालत बसला होता. तेव्हासुद्धा पाणी घे म्हणाला नाहीत.”

शब्दांवर उभं आयुष्य काढलेला तो माणूस तोंड उघडे आणि मिटे. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यानंतर काकू त्यांच्याशी कधी बोलल्या नाहीत. मुन्शी घाटाच्या त्या दोन खोल्यांत दोघं आणखी दोन वर्षं राहिली. काकू स्वयंपाक करत, पान वाढून ठेवत, आजारपणात त्यांचे पाय चेपत. पण बोलायचं असेल ते माझ्यामार्फत. ‘यांना सांगा, तेल संपलं.’ हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला मी सांगत असे, की तेल संपलं. ते मला सांगत, की उद्या आणतो. मी शाळेतून रोज तिकडे जाऊ लागलो, कारण मी नसलो तर तेल कसं येणार, ही चिंता मला लागून राहिली होती.

महापात्र येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सामानाच्या नावेत मास्तर आणि मी होतो. प्रवाहाच्या उलट जायचं, म्हणून मल्लाह काठाकाठाने दोर ओढत होते. पुस्तकांच्या गाठोड्यावर बसून मास्तरांनी मला सांगितलं. वखारीतल्या सोबत्याचं इंग्रजी पत्र शाळेत आलं होतं. तीन दिवसांचा ताप. चार परक्या माणसांनी उचलून नेलं. ते पत्र खिशात घालून मास्तर घरी आले. काकू तांदूळ निवडत होत्या. मास्तर म्हणाले, तो गेला. काकूंनी मान वर न करता विचारलं, कुठे, मोलमीनला? मुलाने आधीच्या पत्रात लिहिलं होतं, की बढती मिळाली तर मोलमीनला जावं लागेल. काकूंना आनंद झाला; मोलमीन काय नि रंगून काय, त्यांच्या लेखी तो सगळा मुलूख रंगूनच होता. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मास्तर साखर ठेवलेली बघत उभे राहिले.

“मी सांगितलं होतं,” ते मला म्हणाले. “शब्द बरोबर होता. ऐकताना तिने दुसरा अर्थ घेतला. पुन्हा सांगायला हवं होतं, ते मला झालं नाही. त्या दिवशी झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशीही झालं नाही.”

बाकीचं सगळं त्यांनी केलं होतं. दूरच्या एका घाटावर, अनोळखी भटजीकडून, शाळेला जातो म्हणून निघून. दहाव्याला क्षौर झालं तेव्हा काकूंनी विचारलं, डोकं का भादरलंत? ते म्हणाले, उकाडा फार आहे. उकाडा होताच, असं त्यांनी मला नावेत बजावून सांगितलं. फक्त शय्या द्यायची राहिली होती, कारण शय्येवर काकू दर आठवड्याला धुतलेलं पांघरूण घालत होत्या. पाटीवर पलंग का नव्हता आणि ‘राहू द्या’ ते का म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांची क्षमा मागितली. म्हटलं, माझ्या एका चुकीच्या शब्दाने हे सगळं झालं. त्यांनी बसल्याबसल्या गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, “दान हाच शब्द होता. तुमचा चुकला नाही.” मला त्यांनी बरोबर ठरवलं ते एवढ्या एकाच वेळी, आणि तेव्हा मला गंगेत उडी घ्यावीशी वाटली.

नावेतून परत आलो तेव्हा काकूंनी मला सांगितलं, “यांना म्हणावं, महापात्राला बोलवा. ज्याचा आहे त्याला पोचू दे.” घर सोडायच्या दिवशी सकाळी तो आला. गलेलठ्ठ, पान खाल्लेला, पण माणूस वाईट नव्हता, आवाज खाली ठेवून बोलत होता. पलंग काकूंनी स्वतः घातला. गादी उन्हात टाकून आणली, पांघरुणाच्या चुण्या चारचार वेळा काढल्या. छत्री, जोडे, पाण्याचा लोटा, दिवा, सगळं मांडलं. उशाशी एक कंगवा ठेवला. महापात्राने नाव आणि गोत्र विचारलं. मास्तरांनी नाव सांगितलं. पाच वर्षं मी त्या घरात जात-येत होतो, पण ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. संकल्पात नावापुढे ‘प्रेतस्य’ म्हणायचं असतं. मास्तरांच्या तोंडून तो शब्द निघेना. तीनदा प्रयत्न केला. शेवटी महापात्रानेच तो म्हटला, अशुद्ध म्हटला आणि मास्तरांनी मान हलवून पाणी सोडलं.

दान घेणाऱ्याने त्या पलंगावर पडायचं असतं. काकू आत निघून गेल्या. महापात्र आडवा झाला, कुशीवर वळला. पलंगाची एक फळी करकरली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण आत काकूंनी तो ओळखला असणार. आतून भांडं पडल्यासारखं वाजलं.

महापात्राने दोनच माणसं आणली होती. पलंग शिसवी, गल्ली अरुंद. हातात धरून नेला तर भिंतींना घासत जाणार, म्हणून खांद्यांवर घ्यायचा ठरला. दोन कोपऱ्यांना ती माणसं, तिसऱ्याला मी. चौथ्याखाली मास्तर येऊन उभे राहिले. महापात्र म्हणाला, महाराज, देणाऱ्याने उचलायचं नसतं. मास्तरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि खूर खांद्यावर घेतला. ते बुटके, आम्ही उंच. पलंगाचा सगळा भार त्यांच्या कोपऱ्याकडे कलला. मी म्हटलं, सोडा, मी दुसरा माणूस बघतो. त्यांनी सोडला नाही. आम्ही निघालो. गल्लीतली माणसं ओट्यांवर चढून वाट देऊ लागली. समोरून येणाऱ्या एकाने चार खांद्यांवरचं ओझं पाहून हात जोडले आणि सवयीने ‘राम नाम सत्य है’ म्हटलं. मग त्याला नुसता पलंग दिसला आणि तो ओशाळला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. पुढचं ‘सत्य बोलो गत है’ त्यांनी स्वतः म्हटलं, हिंदीत, मोठ्याने, आणि मग महापात्राच्या दारापर्यंत म्हणतच राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

परत आलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. हातात पाण्याची कळशी. मसणातून आलेल्यांच्या पायांवर घालतात तसं पाणी त्यांनी माझ्या पायांवर घातलं, सावकाश, आधी एका आणि मग दुसऱ्या. मास्तर माझ्या मागे उभे होते, खांद्याशी सदरा फाटलेला. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सहा वर्षांत तुम्ही तरी सांगितलंत मला.”

मी काहीच सांगितलं नव्हतं. मला काही माहीतही नव्हतं. मी एक शब्द चुकून बोललो होतो, एवढंच. ते तिथे म्हणायला हवं होतं, मास्तरांसमोर म्हणायला हवं होतं, आणि मी गप्प बसलो. काकूंनी कळशी उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेल्या. कळशीत अजून पाणी होतं. मास्तर जरा वेळ वाट बघत थांबले, मग खाली वाकले आणि स्वतःच्या पायांवर स्वतःच पाणी घालू लागले.